माझी सही परत कर

दि. ४ मार्च

चि. थोरल्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि. गुडघे सोडले तर मी बरी आहे. तुझी लेक परवा बसने एकटी आली. आल्या आल्या माझ्या औषधांच्या बाटल्या वाचून काढल्या आणि मुदत संपली म्हणून दोन फेकल्या. मग टेबलावरचा तुझा कागद हातात घेतला. गेल्या महिन्यात धाडलास, फुली असेल तिथे सही कर म्हणालास, तोच. चौथीत माझी शाळा सुटली. जन्मभर फुली बघून सही करत आले, तशी केली नि एक प्रत तुला परत पाठवली.

तिने तो मोठ्याने वाचला. मुलीला ऑटिझम आहे, स्वतःचं भलंबुरं कळत नाही, म्हणून कोर्टाने बापाला कायमचा पालक नेमावं. राहणं, नोकरी, औषधपाणी सगळं तो ठरवेल. खाली आजीची संमती. वाचून झालं आणि ती कान झाकून न्हाणीघरात जाऊन बसली. तासाभराने बाहेर आली नि मी हे वाचलं होतं का, एवढंच विचारलं. या वयात मला खाली मान घालावी लागली.

चोवीस वर्षांची ती वाचल्याशिवाय सही करत नाही, अठ्ठ्याहत्तरची मी करते. मग पालक कुणाला नेमायचा? माझी सही परत कर.

रागावले आहे. माया होती तेवढीच आहे.
तुझी आई

दि. ९ मार्च

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि. तुला आधी समजावून सांगितलं नाही, हे चुकलंच. पण माझंही ऐक. पुस्तकं बांधायच्या कारखान्यात तिला कायम केलंय आणि मालकीणबाईंनी वरची खोली राहायला देऊ केलीय. मला न विचारता ती हो म्हणून मोकळी झाली. गॅस चालू राहिला तर? कुणी गोड बोलून फसवलं तर? दवाखान्यात ती समोर बसलेली असते आणि डॉक्टर माझ्याशी बोलतात. मी गेल्यावर कुणाशी बोलतील? सुनावणी बावीस तारखेला आहे. सही राहू दे. मी तिचा वैरी नाही गं.

गुडघ्यांना जप. लोभ कमी करू नकोस.
तुझा थोरला

दि. १४ मार्च

चि. थोरल्यास,
आशीर्वाद. वि. वि. वैरी कोण म्हणालं? घाबरट आहेस, ते लहानपणापासून.

तिच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघी एका वकीलबाईंकडे गेलो. बाई सगळं तिच्याशी बोलल्या, मी पिशवी मांडीवर घेऊन बाजूला बसले. ऑटिझम आहे म्हणून सज्ञान माणसाचे हक्क गळून पडत नाहीत म्हणाल्या. समजून घ्यायला मदतीचं माणूस घ्यावं, निर्णय मात्र तिचा. डॉक्टरांनाही तिच्याशीच बोला म्हणून सांगता येतं. कोर्टात शांत खोली मागता येते, प्रश्न लिहून मागता येतात. तिने दोन्ही मागितलंय. मी संमती मागे घेतल्याचा कागद दिलाय.

गॅसचं म्हणशील तर सूनबाई गेल्यावर तू तीन पातेली जाळलीस. मी गेले का कोर्टात?

तू गेल्यावर तिचं कोण, हे तू मला विचारतोस, कोर्टाला विचारतोस. तिला विचार. तोंडी नको, घाई होते तिची. लिहून दे आणि उत्तर येईपर्यंत दारात घुटमळू नकोस.

जेवत जा वेळेवर. माया आहेच.
तुझी आई

दि. २३ मार्च

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि. सुनावणीच्या आदल्या दिवशी लिहून विचारलं. दारात घुटमळलो नाही, जिन्यात बसलो. तिचं उत्तर जसंच्या तसं उतरवतो:

‘बाबा, तुम्ही गेल्यावर मला फार दुःख होईल. त्यावर कोर्टाकडे उपाय नाही. बाकीच्या गोष्टींसाठी मी माणसं ठरवली आहेत. दवाखान्यासाठी आत्या. कागदांसाठी वकीलबाई. कुणी गोड बोललं तर मालकीणबाईंना विचारीन, त्या कुणाशीच गोड बोलत नाहीत. तुम्ही आहात तोवर सगळ्यांच्या आधी तुम्ही. पण मी विचारीन तेव्हा.’

आई, मी अर्ज मागे घेतला. न्यायाधीशांनी कारण विचारलं, मला बोलता येईना. तिने माझ्यासाठी शांत खोली मागितली.

रविवारी तिचं सामान पोचवायला जातोय. कधी यायचं ते तिने लिहून कळवलंय: दहा वाजता, पेट्या वर ठेवायच्या, चहा घ्यायचा, साडेअकराला निघायचं.

मी नऊलाच जाऊन कोपऱ्यावर थांबेन. तिला सांगू नकोस.

आहे तशी माया असू दे.
तुझा थोरला