रूपाबाईंनी खुडलेला शेंडा

२० जून
दोन दिवस वीज नव्हती. वसमतच्या आमच्या प्रयोगशाळेत सोयाबीनच्या बाटल्याच बाटल्या, आणि सगळ्यांत बुरशी! पिवळा मोझॅक हा रोग लागू नये म्हणून नवं जनुक घातलेले सोयाबीनचे अकराशे तुकडे त्यांत वाढवत होते. त्यातून एकच रोप वाचलं. माझे मार्गदर्शक सर फोनवर म्हणाले, "एक आहे ना? मग रडतेस काय?" रडू नको तर काय करू?

२ जुलै
रोपाला मुळं फुटली. कुंडीत लावलं, वरून प्लास्टिकची पिशवी घातली. जाळीघराबाहेर यातलं पानसुद्धा न्यायचं नाही, असा नियम. तळहाताच्या फोडासारखं जपतेय.

१७ जुलै
शेंड्याचं पान तपासलं – जनुक आहे! आईला फोन केला. तिला काही कळलं नाही, पण खूश झाली.

२१ जुलै
सकाळी बघते तर शेंडाच नाही. झाडलोट करणाऱ्या रूपाबाई शांतपणे म्हणाल्या, "ताई, लई उंच चाल्लं व्हतं. हरभऱ्याचा न्हाई का खुडत आमी? फुटवे येतेत." मी नको नको ते बोलले. आईच्या वयाची बाई, तोंडाला पदर लावून ऐकत राहिली.

२२ जुलै
रूपाबाई कामावर आल्या नाहीत.

८ ऑगस्ट
फुटवे आले, चार. त्यांचंच खरं ठरलं. चारही तपासले – एकातही जनुक नाही. सर म्हणतात, कधी कधी झाड अर्धंच बदललेलं असतं. म्हणजे जे काही होतं ते शेंड्यातच. तीन वर्षांचं काम! आता काय करायचं, मला खरंच सुचत नाही.

३ सप्टेंबर
माफी मागायला रूपाबाईंच्या घरी गेले. दाराशी फुटक्या घमेल्यात सोयाबीनचं झाड. मी वाकून पानं बघायला लागले.
"तोच शेंडा हाय, ताई. घरी आणून पाण्यात ठिवला, मुळ्या फुटल्या. हिरवं फेकवलं न्हाई."
घरामागचं अख्खं शेत मोझॅकनं पिवळं पडलंय. हे मात्र हिरवंगार. एक पान मागून आणलं.

५ सप्टेंबर
त्यात जनुक आहे. सरांना सांगितलं. म्हणाले, "बाहेर गेलेलं झाड परत घेता येत नाही. जाळून टाक."
घरी जाऊन सांगितलं, तर रूपाबाईंनी स्वतःच उपटून माझ्या हातात दिलं. दोन शेंगा धरल्या होत्या. मग हळूच विचारलं, "ताई, आता येऊ का कामावर?"