उशिराचं आमेन

यवतमाळ,
१४ जानेवारी १९६२

तीर्थस्वरूप सलोमी मावशीस,

एस्तेरचा सप्रेम सलाम. तुझे गुडघे, तुझी शेळी आणि वणीच्या मंडळीचे नवे पाळकसाहेब (मागच्या पत्रात तू तिघांची तक्रार एकाच वाक्यात केली होतीस) आता वळणावर आले असावेत. आम्ही चौघं, म्हणजे बाबा, शांतवनकाका, रूथकाकू आणि मी, सिलोनहून सुखरूप परतलो. काकांचा एक बूट समुद्रात राहिला, बाकी सर्व नग पोहोचले. बाबा पुन्हा जेवू लागले आहेत. ते कसं झालं हे तू विचारशीलच, म्हणून आधीच लिहिते. तुला माहीत आहे की मी इस्पितळात एक्स-रेचं यंत्र चालवते आणि फोटो पाहिल्याशिवाय हाड मोडलं असं म्हणत नाही. या पत्रात मात्र काही ठिकाणी फोटो नाही.

आई असताना आमच्याकडे जेवणाची प्रार्थना कशी होई, ते तुला ठाऊक आहे. बाबा ताटावर प्रार्थना करत, आम्ही सगळे आमेन म्हणत असू, आणि आई भिंतीपलीकडे चुलीपाशी असायची. तव्यावरची भाकरी प्रार्थनेसाठी थांबत नाही, असं तिचं म्हणणं. त्यामुळे भाकरी उलथून झाली की मग तिचं आमेन यायचं, सगळ्यांच्या मागून, एकटंच. ते आल्याशिवाय कोणी घासाला हात लावत नसे. आई गेल्यावर बाकी सगळं तसंच राहिलं. बाबा प्रार्थना करत, आम्ही आमेन म्हणत असू, आणि मग चौघंही मान खाली घालून बसत असू. काय होईल अशी आमची अपेक्षा होती ते कोणी बोलत नसे. वरण गार होई. काका एक डोळा उघडून बघत. शेवटी बाबा हात धुऊन उठून जात. एकदा काकूने धीर करून विचारलं, तर मुख्याध्यापकाला शोभेल अशा शांतपणे म्हणाले, “प्रार्थना पुरी झाल्याशिवाय जेवायचं कसं?” त्यांचा कोट खांद्यावरून असा लोंबू लागला, की शाळेतली मुलं तो दुसऱ्याचा समजू लागली.

नाताळ जवळ आला तेव्हा काकांनी जाहीर केलं की या घरात बसून रडण्यापेक्षा बोटीत बसून रडू. सिलोन हा एकच परदेश असा, की जिथे बोट लागायच्या आत बोट लागते (काकांचा विनोद, मी फक्त उतरवून घेतला). वर्ध्याहून मद्रास आणि मद्रासहून धनुष्कोडी या सबंध प्रवासात बाबांनी केळ्यांखेरीज काही खाल्लं नाही. केळ्याला प्रार्थना लागत नाही, हा शोधही काकांचाच. पलीकडे उतरल्यावर जकातीच्या साहेबाने काकूची पिशवी उघडली, ज्वारीचं पीठ चिमटीत धरलं आणि आमच्याकडे फार वेळ पाहिलं. काका पुढे झाले. “साहेब, हे जवारीचं पीठ होय, दारूगोळा नोय!” साहेबाला मराठी येत नव्हतं, पण त्यातल्या ‘दारू’ने त्याचे कान टवकारले. मग त्याने ठेच्याच्या बरणीत बोट घातलं आणि ते जिभेला लावलं. त्यानंतर आमचं बाकीचं सामान कोणी उघडलं नाही. त्याच्यासाठी पाणी आणायला तीन शिपाई धावले. काकांचा बूट याच गडबडीत धक्क्यावरून खाली गेला.

तिथल्या एका डोंगराळ गावी ख्रिस्ती पाहुण्यांसाठी एक बंगला आहे, तिथे आम्ही उतरलो. दिवसासुद्धा धुकं असं की अंगणातलं झाड आहे की माणूस उभा आहे, ते जवळ गेल्याशिवाय ठरत नसे. माणूस एकच होता, म्हातारा आचारी आंद्रिस. काकूने खाणाखुणा करून त्याला पीठ दिलं, हातावर हात थापून भाकरी दाखवली. त्याने आनंदाने मान हलवली आणि त्या पिठाची खळ करून बंगलाभर नाताळचे कागदी तारे चिकटवले. काकू दिवसभर त्या ताऱ्यांकडे पाठ करून बसली. उरलेलं पीठ स्वयंपाकघरातच राहिलं.

नाताळच्या दुपारी आंद्रिसने भात आणि माशाचं कालवण मेजावर मांडलं, छत्री घेतली आणि तो उपासनेसाठी देवळात गेला. मी त्याला फाटकातून बाहेर जाताना पाहिलं. बाबांनी प्रार्थना केली. आम्ही आमेन म्हणालो. आणि सवयीने मान खाली घालून बसलो.

मावशी, मग भिंतीपलीकडून आमेन आलं.

मोठ्याने नव्हे. भाकरी उलथताना माणूस अर्धं लक्ष तव्याकडे ठेवून बोलतं, तसं. बाबांनी मान वर केली नाही. भाताला हात घातला आणि जेवू लागले. काकूच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण तीही जेवत होती. काकांनी माझ्याकडे कालवण सरकवलं. कोणीच काही विचारलं नाही, म्हणून मीच उठले.

स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. चुलीवर तवा होता आणि तव्यावर भाकरी, नुकतीच उलथलेली. मी ती उचलून खालची बाजू पाहिली. पाण्याचा हात फिरवल्याच्या रेघा होत्या, तीन सरळ आणि चौथी बाहेर वळलेली. आईची करंगळी दारात सापडून कायमची वाकडी झाली होती, तुझ्यासमोरच. नोकरी लागल्यावर मी पहिला फोटो तिच्याच हाताचा काढला, तेव्हा ते हाड मला पाठ आहे.

मी ती भाकरी पुरावा म्हणून ताटलीत घालून बाहेर आणली आणि रेघा उतरवून घ्यायला कागद शोधत खोलीत गेले. परत येईस्तोवर काकांनी ती ठेच्याबरोबर संपवली होती. मी त्यांना जे बोलले ते इथे लिहीत नाही. ते म्हणाले, “भाकर थंडी कायले होऊ देऊ वं? वहिनीच्या हातची होती.” काकू म्हणाली, “तुम्हाले तर पोटापुढं काहीच दिसत नाही.” बाबा म्हणाले, “मला अर्धी ठेवायची होतीस, शांतवन.” आणि मावशी, ते हसले. आंद्रिस देवळातून ओला होऊन आला, तवा पाहिला, आणि तव्यावर कोणी काय केलं म्हणून आमच्यावरच रागावला.

तेव्हापासून बाबा दोन्ही वेळा जेवतात. इथे यवतमाळला परतल्यावरही उशिराचं आमेन येतं आणि आम्ही जेवतो. बंगल्यातल्या प्रकाराबद्दल माझं मत असं की तो प्रतिध्वनी असावा. डोंगर जवळ होता. काळजी नसावी. शेळीला गूळ देऊ नकोस.

तुझी,
एस्तेर

ता. क. प्रतिध्वनी वेगळा ऐकू यायला समोरची भिंत निदान पन्नास-साठ फूट लांब हवी. आमची खोली त्याच्या पावही नव्हती, आणि दारं-खिडक्या बंद होत्या. शिवाय प्रतिध्वनी भाकरी करत नाही. वरचं मत मागे घेते.

ता. क. दुसरा. इथलं आमेन मी म्हणते. परतल्यावर पहिल्याच दिवशी भिंतीपलीकडून काही आलं नाही, बाबांचा हात ताटावरून मागे गेला, आणि मी पाणी आणायला आत होते. मी म्हटलं. माझा आवाज आईसारखा आहे हे मला तेव्हाच कळलं. आता रोज दोन्ही वेळा चुलीपाशी उभी राहते. पण फेब्रुवारीत मला पुढच्या प्रशिक्षणासाठी मद्रासला वर्षभर जायचं आहे, आणि माझ्यामागे बाबा पुन्हा उपाशी राहतील. तू तिची सख्खी बहीण, आवाजही तोच. तू येऊन राहशील का? फक्त भाकरी उलथल्याशिवाय म्हणू नकोस.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवायचं राहिलं हे बरं झालं. काल संध्याकाळी यंत्राचा फ्यूज गेला आणि मी उशिरा घरी आले. जेवणं झाली होती, ताटं गरम पाण्यात पडली होती. बाबांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या होत्या. मला पाहून काका म्हणाले, “अवं एस्तेर, आमेन म्हणून मागच्या दारानं कुठी गेलती तू?” काकू सगळा वेळ त्यांच्यासमोर ताटावर होती. मागच्या दाराला आतून कडी होती.

मी आत असते तोवर ते येत नाही, एवढंच यातून निघतं. म्हणून विनंती बदलते. लवकर ये, मी जाण्याआधी ये, पण चुलीपाशी उभी राहू नकोस. ताटावर माझ्याशेजारी बस आणि माझा हात धर. स्वयंपाकघरात कोणी नको.