कुलूपामागून आलेलं ‘ये’

ती. आईस नमस्कार, आणि आधीच सांगते, मी वेळेवर जेवते.

पाडायला काढलेल्या एका इमारतीत आमची संघटना दारोदार फिरून कोण कोण राहतं ते लिहून घेतेय. माणूस राहत असल्याची नोंद झाली, तरच नवं घर मिळतं. तुझे गुडघे काय म्हणतात?

काल एका कुलूपबंद दारावर टकटक केली. सवयीने “येते हं” म्हणून वळले, तर आतून बाईचा आवाज आला, “ये गं.”

सोबत त्याच मजल्यावरच्या शिवणकामवाल्या काकू होत्या. त्या पुटपुटल्या, “या घरातल्या मावशींना गेल्या वर्षी घर रिकामं करायला आलेल्यांनी ओढून बाहेर काढलं. महिन्याभरात वारल्या बिचाऱ्या. पण उंबऱ्यावर ‘जाते’ म्हणाल्या नाहीत. ‘येते’ म्हणाल्या.”

मी ‘बंद घर’ लिहिलं नाही. ‘माणूस आहे’ असं लिहिलं. यादी तपासणाऱ्या साहेबांना शंका आली, तर त्यांनी स्वतः येऊन दार ठोठावावं!

भ्यायले नाही गं. फक्त माझ्या रिकाम्या खोलीतून निघताना आता ‘येते’ म्हणायची चोरी झालीय. म्हणून इथे तुलाच म्हणते. आई, येते हं. वाचलंस की मोठ्याने ‘ये’ म्हण. तिकडून तूच म्हणालीस, एवढं मला कळलं पाहिजे.

तुझी धाकटी