आतली पिशवी गेली, बाहेरची आली

प्रिय बारक्या,

फोनवर तू ‘कसा आहेस दादा’ विचारतोस, मी ‘मजेत’ म्हणतो, की संपलं आपलं बोलणं. तुला वाटतंय माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं. तसं सांगायला मीच बजावलं होतं सगळ्यांना. आता खुर्चीत नीट बसता येतं, तेव्हा खरं काय ते लिहितो.

गेल्या हिवाळ्यात गॅरेजात एका गाडीला रंगाचा शेवटचा कोट मारून मोरीत गेलो, तर लघवी लाल. दुखलं-खुपलं काही नाही. आपोआप थांबलं, मीही सोडून दिलं. पुन्हा झालं तेव्हा तुझ्या वहिनीच्या लक्षात आलं. ती चपला घालून दारात उभी राहिली. मग मीही तिच्याबरोबर दवाखान्यात निघालो.

सर्जन बाई आहेत, सावकाश बोलणाऱ्या. लघवीच्या वाटेनं बारीक दुर्बीण घालून त्यांनी मूत्राशय बघितलं. दुखण्यापेक्षा लाजच जास्त वाटते. समोरच्या पडद्यावर मलाही दिसलं, फ्लॉवरच्या तुऱ्यासारखं काहीतरी आत डुलत होतं. मग भूल देऊन ते खरवडून काढलं, तपासायला पाठवलं. कॅन्सर निघाला, आणि तो स्नायूत शिरलेला. स्कॅनमध्ये बाकी कुठे पसरलेला दिसला नाही, एवढंच बरं. कशानं झालं विचारलं, तर म्हणाल्या, नक्की सांगता येत नाही, पण सिगारेटचा नंबर पहिला, आणि वर्षानुवर्षं रंगाच्या धंद्यात राहणंही सोपं नसतं.

बाईंनी दोन वाटा सांगितल्या. एक, आधी केमो, मग मूत्राशयच काढून टाकायचं आणि आतड्याच्या तुकड्यातून लघवीला पोटावर वाट काढून तिथे पिशवी लावायची. दुसरी, मूत्राशय ठेवायचं, रेडिएशन आणि केमो बरोबरीनं द्यायचं, पण मग कायम दुर्बिणीनं तपासत राहायचं, आणि कॅन्सर परत उगवला तर काढणं आहेच. माझ्या बाबतीत दोन्ही चालतील म्हणाल्या. मी म्हटलं, ‘तुमच्या वडिलांना काय सांगितलं असतंत?’ त्या म्हणाल्या, ‘त्यांनाही हेच विचारलं असतं, तुम्हाला जास्त भीती कशाची वाटते?’

घरी येऊन दोन आठवडे मी भिंतीकडे बघत बसायचो. मग बाईंनी पिशवी लावलेल्या एका माणसाशी गाठ घालून दिली. बस ड्रायव्हर, आडदांड गडी. त्यानं सदरा वर करून सगळं दाखवलं, कशी चिकटवायची, कशी रिकामी करायची. म्हणाला, ‘सुरुवातीला गळली, रडलो. आता अख्खा सिनेमा बघतो, मध्ये उठावं लागत नाही.’ परत येताना तुझी वहिनी हसत होती. म्हणाली, ‘लाजेनं माणूस मरत नाही.’ तेव्हा कळलं, मला भीती पिशवीची नव्हतीच, कॅन्सर परत येण्याची होती. काढून टाकायचं ठरवलं.

केमोनं तोंडाची चव गेली, केस गेले. तसे उरले होतेच किती. ऑपरेशन खूप तास चाललं, पण आजूबाजूच्या ज्या लसीका गाठी काढून तपासल्या, त्यांत कॅन्सर सापडला नाही. पहिल्यांदा पिशवी बदलली तेव्हा वाकडी चिकटली, आता तुझी वहिनी शेजारी उभी राहून सूचना करते आणि मी चिडतो, म्हणजे सगळं ठीक चाललंय. नवरा-बायकोत जे बदललं त्याबद्दलही बाईंनी आधीच सांगितलं होतं. त्यावर आम्ही दोघं एकदा सावकाश बोललो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

बारक्या, परवा तुझ्या बायकोचा वहिनीला फोन आला होता. तुझ्या पायजम्यावर रक्त दिसलं आणि तू ‘उष्णतेचं आहे’ म्हणालास, ते तिनं सांगितलं. तिला रागावू नकोस. कदाचित ते काहीच नसेल, खडा असेल, साधा जंतुसंसर्गही असेल. पण तूही माझ्यासारखाच त्या रंगात उभा राहिलास, माझ्याच पाकिटातली सिगारेट ओढलीस. आणि कॅन्सर असलाच, तरी वेळेत सापडला तर नुसतं खरवडून, मूत्राशयात औषध सोडून भागतं पुष्कळांचं, माझ्यासारखं सगळं काढावं लागत नाही. पुढच्या सोमवारी सकाळची वेळ त्याच बाईंकडे तुझ्या नावानं घेतलीय. रविवारच्या गाडीनं ये. दुर्बीण आत जाईल तेव्हा मी दाराबाहेर बसलेला असेन.

वाट बघणारा, तुझाच
दादा