चौदा खोल्या आणि पावणं

२ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ९.१०

तुळशीची लग्नं लागली. आता माझा नंबर.

कृष्णातमामाचा फोन. राधानगरीच्या पावण्यांना मुलगा पसंत हाय. २३ तारखेला घर बघायला येणार. मुलगीपण येणार. मुलगी म्हणजे अनुजा. राजारामपुरीत एका इंजिनिअरकडे घरांची ड्रॉइंग काढते. आमच्या शोरूमपासून दोन गल्ल्या पलीकडं, आणि तीन वर्षांत एकदा दिसली नाही.

गेल्या रविवारी पोहे खाताना तिनं छंद विचारला. म्हटलं, गेम. आजवरच्या मुली यावर पाण्याचा ग्लास बघायच्या. हिनं विचारलं, कुठला? म्हटलं, 'नवी वसाहत', त्यात आपलं आपण घर बांधायचं. म्हणाली, मला बघायला आवडेल. आईशप्पथ! चौतीस वर्षांत हे वाक्य पहिल्यांदा कानावर आलं. रात्रभर झोप नाही. हे स्थळ हातचं जाता कामा नये.

संकल्प. एक: बाथरूममधल्या बेसिनशेजारच्या तीन पडलेल्या टाइल्स बसवणे. मी स्वतः टाइल्सच्या शोरूममध्ये सीनियर सेल्समन, दहा मिनिटांचं काम. दोन: माडीवरची माझी खोली आवरणे. तीन: गेममधलं घर पूर्ण करणे. एकवीस दिवस आहेत. ढीगभर वेळ.

३ नोव्हेंबर, सोमवार. सुट्टी

टाइल्ससाठीच उठलो होतो. मग विचार केला, घर दाखवायचं तर आधी जगानं काय माती खाल्लीय ते बघून घ्यावं. दुसऱ्या गेमांमधली गाजलेली घरं एकेक तपासायची आणि इथं शेरा मारायचा. अभ्यास म्हणतात याला.

आज झोंबीवाला बंगला. लोक कौतुक करून करून दमत नाहीत. काय तर म्हणे वातावरण! अहो, जेवायच्या खोलीतून स्वयंपाकघरात जायला पुतळ्याच्या डोळ्यात हिरवा खडा बसवायचा. तो खडा माळ्यावर. माळ्याची किल्ली पियानोत. भाजीला फोडणी कधी घालायची? चाळीस खोल्या, बाथरूम एक, त्यातल्या टबात मढं. हा प्लॅन पास कुणी केला? शेरा: नालायक. राहणाऱ्यांचे झोंबी झाले यात नवल नाही.

दुपारी झोप लागली. टाइल्स राहिल्या.

५ नोव्हेंबर, बुधवार

शेतावरचं ते घर. या गेमवर अख्खं जग फिदा. आजोबांकडून मिळालेलं शेत आणि लाकडी खोली. एक पलंग, एक टीव्ही. संडास नाही! आणि शेती तर काय, बी टाकलं की चौथ्या दिवशी फ्लॉवर. राधानगरीच्या पावण्यांना दाखवलं तर हसून हसून भातात पडतील. गायीला रोज थोपटलं की ती खूश होऊन दूध देते. शेण कोण काढणार? त्याचं बटण नाही.

लग्न केलं की बायको चुलीपाशी उभी राहते आणि तुम्ही शेतातून आलात की रोज तेच एक वाक्य म्हणते: दमलास ना? काय बावळटपणा.

पण म्हणते.

शेरा: बरं.

८ नोव्हेंबर, शनिवार

आईनं टाइल्सचा विषय काढला. मी तिला शांतपणे सांगितलं की तो लॉट बंद झालाय, शेड जुळत नाही, आणि शेड न जुळणारी टाइल माझ्या हातून लागणार नाही. तत्त्व आहे. आई म्हणाली, भोक दिसण्यापरास तांबडी लाव, पिवळी लाव, पर लाव की बाबा. या घरात सौंदर्यदृष्टी फक्त मला आहे.

१० नोव्हेंबर, सोमवार. सुट्टी

आज खेड्यातली घरं. त्या सगळ्या तलवारीवाल्या गेमांत असतात ती. हिरो दार न वाजवता आत घुसतो, माठ फोडतो, कपाट उघडून औषध घेतो, आणि घरमालक बाजूला उभा राहून म्हणतो, आज हवा छान आहे. लाज नाही दोघांनाही. आमच्या आक्काच्या घरात कुणी एक माठ फोडून दाखवावा. हवा कशी आहे ते कळेल.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. दिली गल्लीतच, त्यामुळं रोज इथंच. आज माडीवर आली आणि दारातच थांबली. विचारलं, ह्या खुर्चीवर कपड्यांचा डोंगर कशाला? म्हटलं, डोंगर नाही, क्रम आहे. खाली धुतलेले, वर न धुतलेले, मधे विचाराधीन. म्हणाली, मग अनुजा वर आली तर बसणार कुठं? तुझी ती फिरती खुर्ची एक, आणि ही अशी. पावणं काय तुझ्या काम्पुटरात बसणार हायत व्हय? 

बायकांना तपशील दिसतो, आराखडा दिसत नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

बॉम्ब पडल्यावर लोक राहतात तो तळघरातला बंकर तपासला. दार गाडीच्या गिअरसारखं गोल आणि घरंगळत उघडतं. वा! आत मात्र ओल, ट्यूबलाइट आणि डबाबंद बीन्स. दोनशे वर्षं एकाही माणसाला बाहेर येऊन बघावंसं वाटलं नाही. ऐदी लोक. कृष्णातमामा सहज आला होता, त्याला स्क्रीन दाखवला. म्हणाला, ही तुझीच खोली की रं.

मामाला चष्म्याचा नंबर वाढवून घ्यायला सांगितलं पाहिजे.

१७ नोव्हेंबर, सोमवार. सुट्टी

सहा दिवस राहिले. नो टेन्शन.

शेवटचं घर तपासलं: काळा किल्ला. गेमच्या शेवटी जो मुख्य व्हिलन असतो त्याचा. एवढी हौस असलेला माणूस, पण अक्कल शून्य. दिवाणखान्यात लाव्हा! एसी किती टनाचा लागेल? शंभर खांब, झुंबरं, गालिचा अर्धा मैल, आणि टोकाला खुर्ची एक. एकच! त्यावर हे महाशय बसलेले. आलेल्या माणसानं काय करायचं, उभं राहायचं? चहापाण्याचं नावच सोडा. म्हणून तर याच्याकडं कुणी येत नाही, आणि आलं तर तलवार घेऊनच येतं. माणूसघाणा लेकाचा. शेरा: सगळ्यात नालायक.

शोरूममधून टाइल्सचा बॉक्स आणला. शेड जवळपास जुळते. बॉक्स बाथरूमच्या दाराशी ठेवला. म्हणजे नव्वद टक्के काम झालं.

आई बॉक्सला ठेचकाळली. तिनं बघून चालावं.

२० नोव्हेंबर, गुरुवार. सकाळी ७.३०

घर झालं! गेममधलं. चार महिन्यांची मेहनत. चौदा खोल्या, तीन बाथरूम, एकात जाकुझी. आठ शेगड्यांचं स्वयंपाकघर. अंगणात तुळस, मागं माशांचं तळं. फ्लोअरिंग सगळं इटालियन. एकही टाइल वाकडी नाही. जगातली सगळी नालायक घरं पाहिली आणि त्यांची एकही चूक माझ्यात नाही. घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून म्हणतात. पहिलं झालं, दुसरं रविवारी.

दारावर आधी 'धैर्यशील व्हिला' होतं. ते काढून 'अनुजा-धैर्य' कोरलं. बघितल्या बघितल्या तिच्या डोळ्यांत पाणी येईल. माझ्या तर आत्ताच आलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आई तीन दिवस घर घासतेय. मला म्हणाली, तू फकस्त टाइल बघ. म्हटलं, उद्या पहाटे. ताजं काम उठून दिसतं.

२३ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ६.५०

जुना मसाला खरवडताना शेजारच्या दोन टाइल्स आपोआप सुटल्या. आता पाच. पाकिटावर लिहिलंय की अॅडेसिव्ह सुकायला चोवीस तास लागतात. हे मी रोज गिऱ्हाइकाला सांगतो, पण स्वतःच्या घरी वेगळं असेल असं वाटलेलं. आईनं भोकावर टॉवेल टांगला. झक्कास दिसतंय, हॉटेलसारखं.

खोलीतला पसारा पलंगाखाली सारला. वर पलंगपोस. कपड्यांची खुर्ची तशीच. क्रम मोडला असता.

दुपारी ३.१५

जमलं! माझ्या हिशेबानं जमल्यात जमा.

एक छोटी गोष्ट. अनुजाचे वडील हात धुवायला गेले आणि पुसायला टॉवेल ओढला. सहावी टाइल त्यांच्या हातात आली. ते ती घेऊन बाहेर आले आणि टीपॉयवर चिवड्याच्या बशीशेजारी ठेवली. नेमका तेव्हा मामा सांगत होता की आमचा मुलगा टाइल्समधला एक्स्पर्ट आहे. अनुजाचे वडील साधा माणूस, लागलं न्हाय म्हणाले.

मग अनुजा आणि आक्का माडीवर. मी लगेच खुर्चीत बसून घर उघडलं. पंचवीस मिनिटं दाखवलं! खोली न् खोली. ती शेजारी उभी राहून एकटक बघत होती. इतकी गुंग, की बसायचंसुद्धा तिला सुचलं नाही. मधे तिनं माउस मागून घेतला आणि वाकून स्वतः सगळीकडं फिरली. दिवाणखान्यात थांबली, स्वयंपाकघरात थांबली, झोपायच्या खोलीत बराच वेळ थांबली. दारावरचं नाव वाचलं. विचारलं, इथं कोण कोण राहणार? मी म्हटलं, थांबा, आधी कारंजं बघा.

जाताना म्हणाली, मेहनत खूप घेतलीय. हे कुणी उगाच म्हणतं का?

२६ नोव्हेंबर, बुधवार

फोन नाही. राधानगरीकडं रेंजचा प्रॉब्लेम असतो.

(ती राजारामपुरीत असते. पण निर्णय तिकडूनच येणार ना.)

२८ नोव्हेंबर, शुक्रवार. दुपारी १.००

मामाचा फोन. पत्रिका जुळत नाही म्हणाले. मी म्हटलं, पत्रिका तर आधीच बघितली, अठ्ठावीस गुण जुळले. मामा म्हणाला, मग नसल एकोणतिसावा. आणि फोन ठेवला.

संध्याकाळी ६.००

आक्काला खरं कारण ठाऊक होतं. पाच दिवस पोटात ठेवून बसलेली. जिना उतरताना अनुजा तिला म्हणाली होती: आक्का, घर छान आहे, पण मी मोजलं. चौदा खोल्यांत खुर्ची एक, ताट एक, उशी एक. दारावर नाव माझं, आणि मी बसायचं कुठं? बाथरूमचं काय, टाइल लावता येते हो.

आणि वर आक्कानं स्वतःचं जोडलं, की पंचवीस मिनिटं ती पोर उभी होती आणि तू खुर्चीत गोल गोल फिरत होतास. मी विचारलं, हे मला तेव्हाच का नाही सांगितलंस? म्हणाली, तीनदा खाकरले की रं भाड्या.

खोटं. सगळं खोटं. एवढी खुर्ची मी विसरेन? आत्ता उघडून दाखवतो.

६.४०

चौदाही खोल्या बघितल्या.

एक आहे.

आठ शेगड्यांपुढं ताट पण एकच.

रडू आलं. अनुजा बरोबर होती.

१ डिसेंबर, सोमवार. सुट्टी. सकाळी ८.००

दुसरी खुर्ची बनवली. सागवानी, हातांवर नक्षी. दिवाणखान्यात माझ्या खुर्चीसमोर ठेवली. माझ्या खुर्चीत बसून अर्धा तास वाट पाहिली. या गेममध्ये कुणी येत नाही. सेटिंगमध्ये पण शोधलं.

आई चहा घेऊन वर आली. नेहमीसारखी दारात उभी. कपबशी परत न्यायला ती रोज तिथंच थांबते, मी पिऊन होईपर्यंत. हे आज कळलं. किती वर्षं झाली असतील कोण जाणे. म्हटलं, आई, बस. तिनं इकडंतिकडं बघितलं, पलंगावर पसारा, खुर्चीवर कपडे, बसायला काही दिसेना. मग मीच उठलो आणि माझी फिरती खुर्ची दिली. नको नको म्हणत बसली. पाय जमिनीला टेकेनात. एक गिरकी घेतली. मग दुसरी. म्हणाली, लई मऊ हाय की रं, एवढी वरसं सांगितलं न्हाईस.

पाऊण तास झाला, उठायला तयार नाही. स्क्रीनवरचं घर बघून विचारतेय, ह्यात माजी खोली कुठली?

चहा उभ्यानं प्यालो. टाइल्स उद्या. उद्या नक्की.