आपला पाल्य आज गैरहजर आहे

१ जुलै
आजपासून आपुन अमरावतीकर! दर्यापूरच्या जीपमधून उतरलो ते पॅन्टवर गावची काळी माती घेऊनच. गोवर्धन सरांच्या कोचिंग क्लासात कॉम्प्युटर सांभाळायची नोकरी लागली. माही बहीण दीपमाला इथंच डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करून राहिली, म्हणून बाबा लय खुश. सुगत, पोरीवर लक्ष ठेव, एवढंच त्यांनी मले दहादा सांगितलं. माही खुर्ची काचेजवळ आहे. काचेपलीकडं वर्ग, तिसऱ्या बाकावर दीपमाला. मले पाहून तिनं जीभ काढून दाखवली. एवढी मोठी झाली, अक्कल काही आली नाही.

३ जुलै
सरांनी काम सांगितलं. जो पोरगा वर्गात नसंल त्याच्या घरी लगेच मेल गेला पाहिजे. तयार सोय घेऊ म्हटलं, तं सर म्हणे, मंग तू शिकलास कायले? बरं बाप्पा! सॉकेटवरूनच लिहून राहिलो. सॉकेट म्हणजे सर्व्हरशी थेट तार जोडायची. तो आधी बोलते, २२०. आपुन नमस्कार करायचा, मेल कोणाचा, कोणाले, ते सांगायचं. प्रत्येकावर तो २५० म्हणते, म्हणजे मंजूर. मंग म्हणते ३५४, बोल आता. मजकूर लिहायचा आणि शेवटच्या ओळीत नुसतं एक टिंब. टिंब गेलं की मेल गेला. तार मधीच तुटली तं तोच मेल पुन्हा पहिल्यापासून पाठवायचा, ही हुशारी माही. सर्व्हर अकोल्याच्या शाखेत आहे. लय अदबीनं बोलते गडी.

४ जुलै
चाचणीले नाव पाहिजे होतं. हजेरीपट समोरच होता, पहिलं नाव शुभम. पोरगा काचेपलीकडं मस्त कचोरी खाऊन राहिला होता. लिहिलं, आपला पाल्य शुभम आज गैरहजर आहे. टिंब. २५०. पहिल्याच झटक्यात! सरांनी चहा सांगितला. कौंडण्यपूरले त्याच्या घरी खोटाच मेल गेला, सोमवारी फोन करून माफी मागतो.

७ जुलै
शुभम आला नाही. त्याच्या बाबाले फोन लावला, मेल चुकून गेला म्हटलं. माणूस म्हणे, हो, कळलं. पोरगा घरी आहे काय विचारलं. म्हणे, तुमचा मेल आला न, गैरहजर आहे तो. उद्या नळ येणार नाही असं सांगावं, तसा आवाज. घाईत असंल, म्हटलं.

९ जुलै
शुभम अजून नाही. काल दुसऱ्या नावावर चाचणी घेतली होती, मोनाली. ती तवा समोर बसून होती. आज बाक रिकामा. तिच्या खोलीवर चप्पल आहे, गादी आहे, ती नाही. तिच्या आईले म्हटलं, पोलिसात जा. आई म्हणे, कायले जी? क्लासनंच कळवलं न. हो, कळलं.
मले भेव वाटायले पाहिजे. वाटून नाही राहिलं. चहा पेलो, दुसरा सांगितला.

१० जुलै
सरांले सांगितलं. म्हणे, मेल जाऊन राहिले न, मंग झालं. अकोल्याच्या घरमालकाले फोन केला. शाखा तीन वर्षांआधीच बंद, खोलीत वीज नाही, मशीन भंगारात गेली. फोन ठेवला तं पडद्यावर २२०. मी काहीच जोडलं नव्हतं.

११ जुलै, दुपार
प्रोग्राम आपोआप चालून राहिला. हजेरीपटातलं तिसरं नाव. कोणाले — पुंजाजी, दर्यापूर. माहे बाबा. मजकूर गेला पण — आपली पाल्य दीपमाला आज गैरहजर आहे —
३५४. टिंब तेवढं बाकी.

वायर उपटली. तरी ३५४. तार तुटली तरी तोच मेल पुन्हा जाईल — मीच तसं लिहिलं —

दीपमाला लिहून राहिली. तिले काहीच माहीत नाही. गेलेली ओळ परत घेता येत नाही. पुढं जोडता येते. बाबाले पाल्य दोन —

लिहिलं. दुरुस्ती. दीपमाला हजर. गैरहजर सुगत.
टिंब मीच दिलं.
२५०.

ती आहे! बाकावरच आहे. बरं वाटलं. खरंच लय बरं वाटलं —

तिचा फोन वाजला. उचलून बाहेर आली, माह्या खुर्चीपाशीच उभी — बाबाच असंल —
म्हणे, हो बाबा, कळलं —

काचेत पाहून केस नीट करून राहिली — हातभर अंतर — जीभ नाही काढली — मी म्हटलं दीपू, मी इथंच