शिशाचं अक्षर

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज एक्स-रे खोलीबाहेर नुसती झुंबड — आणि निम्म्यांना काही झालेलंच नाही! एक आजोबा, अगदी ठणठणीत, म्हणे, "दोन्ही हातांचे फोटो काढून ठेवा बाई, उद्या ओळख पटवायला बरे." मी म्हटलं, डॉक्टरांची चिठ्ठी आणा. चिडले.

हे सगळं कालच्या साक्षीमुळे. घड्याळजीवरच्या बायकोच्या खुनाच्या खटल्यात हाडांच्या तज्ज्ञ बाई आल्या होत्या. लोकांनी एका दिवसात त्यांना 'हाडबाई' करून टाकलं. जुन्या चुनाभट्टीत सापडलेली हाडं त्यांनी कोर्टात मांडली. बाईची हाडं, वय तीस-पस्तीस, उजव्या हाताचं हाड मनगटाच्या वर कधीतरी मोडून जुळलेलं. घड्याळजीची बायको तीन वर्षांपूर्वी नाहीशी झाली. तिचा चौदा वर्षांपूर्वीचा एक्स-रे मिळाला — उजवा हात, त्याच जागी मोडलेला. संपलंच की! भट्टीनं बाकीच्या चाचण्यांना काही ठेवलं नव्हतं. सगळा खटला या एका हाडावर.

"हाडं खोटं बोलत नाहीत." आज अकरा जणांकडून ऐकलं. वॉर्डातल्या मावशी म्हणाल्या, "माझी तर उठता-बसता बोलतात, तुम्हाला काय ऐकायचंय?"

घड्याळजीनं एकदा माझ्या पट्ट्याला जास्तीचं भोक पाडून दिलं होतं. "ताई, मनगट बारीक आहे तुमचं." भला माणूस वाटला होता. पण आज मीही सगळ्यांबरोबर मान हलवली — माणसाचं काही सांगता येत नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

पेपरात त्या एक्स-रेचं छायाचित्र. कोपऱ्यात काढणाऱ्याची अद्याक्षरं. माझी! मावशींनी सगळ्या मजल्यांवर दाखवून आणलं. मी कात्रण कापून कपाटाला चिकटवलं.

दुपारी तारीख वाचली. कात्रण काढून टाकलं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

लिहूनच काढते.

नोकरीचे पहिले दिवस. पेशंट टेबलापलीकडे, माझ्यासमोर बसायचा. म्हणजे त्याचा डावा हात माझ्या उजवीकडे. कोणता हात ते कळावं म्हणून फिल्मच्या कोपऱ्यात शिशाचं अक्षर ठेवायचं — डाव्याला एल, उजव्याला आर. मी येडीसारखी माझ्या बाजूनं ठेवत होते! भानावर असले तर बरोबर, नाहीतर उलटं. मोठ्या बाई, मला शिकवणाऱ्या, दहाव्या दिवशी बघून किंचाळल्याच. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या काढून त्यांनी नोंदवही दुरुस्त केली. फिल्म मात्र पेशंटांबरोबर घरी गेलेल्या. "प्लास्टर बरोबर हाताला पडलंय ना? मग सोड."

सोडलं. आणि पेपरातली ती फिल्म माझ्या आठव्या दिवसाची आहे.

आमचे हे म्हणाले, "तू कशाला मध्ये पडतेस? उद्या नोकरीवर येईल. कोर्ट बघून घेईल." वाईट नाहीत हे. भित्रे आहेत. मीही आहे. पण मी गप्प बसले तर तो माणूस जन्मभर आत राहील — माझ्या एका अक्षरापायी.

९ फेब्रुवारी, सोमवार

तळघराची किल्ली मिळाली. ती जुनी नोंदवही मिळाली नाही. दिवसभर शिंका.

१० फेब्रुवारी, मंगळवार

सापडली!! कडा वाळवीनं खाल्ल्यात, पण पान शाबूत. तिचं नाव, वय, माझ्या अक्षरात 'उजवा'. त्यावर लाल रेघ, वर मोठ्या बाईंचं ठसठशीत 'डावा' आणि सही.

तिथेच धुळीत बसले. भट्टीतलं हाड उजवं. हिचा मोडला होता डावा. ती हाडं हिची नाहीत!

थेट घड्याळजीच्या वकिलांकडे. त्यांनी पान तीनदा वाचलं, मग चष्मा पुसून चौथ्यांदा.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

साक्ष दिली. सरकारी वकिलांनी विचारलं, "चौदा वर्षं झोपला होतात का?" मी म्हटलं, "हो साहेब, झोपले होते." कोर्टात हशा.

बाहेर कुणीतरी म्हणालं, "फितवलेली दिसते." एका बाईनं माझ्याकडे बघून तोंड फिरवलं. नंतर दवाखान्यात, एक्स-रे खोलीबाहेर रांगेतल्या तिघांनी तोच विनोद केला — हात पुढे करून, "हा डावा बरं का बाई, लिहून घ्या!" मावशींनी त्यांना असं झापलं की चौथ्याची हिंमत झाली नाही.

बाकावर एक म्हातारे गृहस्थ होते, मांडीवर तपकिरी पाकीट. ते तेवढे हसले नाहीत. नंबर यायच्या आतच उठून गेले.

५ मार्च, गुरुवार

हाडबाई पुन्हा साक्षीला! मला वाटलं होतं उंच, करारी असतील. निघाल्या ठेंगण्या, सपाट चपला घातलेल्या. त्यांनी फिल्म खिडकीच्या उजेडावर धरली, मग उलटी केली. "अशी धरली तर डावा, अशी धरली तर उजवा. समोरचं हाड उजवंच आहे. पण ही फिल्म उजव्या हाताची, हे मला फक्त या अक्षरानं सांगितलं होतं. अक्षर चुकीचं होतं. माझं मत मी मागे घेते."

एवढं सरळ! मी असते तर चार सबबी सांगितल्या असत्या.

व्हरांड्यात त्यांनी माझा हात धरला. "चूक सांगायला आलात, म्हणून मलाही सांगता आली." मला रडूच आलं.

बाहेर तेच अकरा जण — "या तज्ज्ञांचं काही खरं नाही!"

१७ मार्च, मंगळवार

सुटला! निर्दोष!

छातीवरचा दगड उतरला. हे म्हणाले, "मी म्हणत होतोच, बोल म्हणून." मुळीच म्हणत नव्हते! पण चहा यांनी केला, तेव्हा म्हटलं जाऊ दे.

घड्याळजी संध्याकाळी दवाखान्यात आला. निम्मा झालाय. शिव्या देईल असं वाटलं होतं, द्यायलाही हव्या होत्या. हात जोडायला गेला, मीच त्याचे हात धरले. म्हणाला, "म्हणजे ती असेल ना ताई, कुठेतरी?"

"असेल," मी म्हटलं.

जाताना माझ्या मनगटाकडे नजर गेली त्याची. "पट्टा सैल झालाय. दुकान उघडलं की या."

१८ मार्च, बुधवार

आठ तास झोपले. गाढ.

२६ मार्च, गुरुवार

बाकावरचे ते म्हातारे गृहस्थ आज आत आले. पाकिटातून एक फिल्म काढली. मुलीची, अकरा वर्षांपूर्वीची. पाच वर्षांपूर्वी ती कामाला म्हणून निघाली, ती परत आलीच नाही. पळून गेली असेल म्हणाले सगळे. कुणी शोधलं नाही.

महिनाभर आम्ही 'ती हाडं हिची नाहीत' म्हणून आनंदात होतो. मग कुणाची, हे कुणीच विचारलं नाही. मीही नाही.

फिल्म उजेडावर धरली. मनगटाच्या वर, त्याच जागी रेघ. कोपऱ्यात माझी अद्याक्षरं.

"कोणता हात, बाई?"

"उजवा."

"नक्की?"

"नक्की."

ते हळूच स्टुलावर बसले. डोळे मिटून मोठा श्वास सोडला.

"सापडली," म्हणाले.